पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या

३ ऑगस्ट

ताई,

मायना काय लिहावा ते ठरेना, म्हणून नुसतं ताई. तुझा पत्ता आत्याच्या डब्यातून काढला. तिला ठाऊक नाही. ठाऊक असेलही, डबा फळीच्या मागे असतो, तो या वेळी पुढे ओढून ठेवलेला होता.

लिहिण्याचं कारण एकच. मी कॉलेजचं जीवशास्त्र घेतलं आहे. तेच, जे शेवटच्या वर्षी शाळेतच शिकवतात आणि वर्षाच्या शेवटी बाहेरची परीक्षा असते. वर्ग तोच, जिन्याच्या टोकाचा. सरही तेच. हजेरी घेताना आपल्या आडनावापाशी थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं नाव घेतलं. तुझं बाक कुठलं होतं ते मी विचारलं नाही.

बाबांना जेवताना सांगितलं. मला वाटलं ताट सारतील. ते म्हणाले, "कधीपर्यंत?"

"मेपर्यंत."

"मग मेपर्यंत. मधेच उठायचं नाही. या घरात एकदा झालं तेवढं पुरे."

तू गेल्यापासून तुझ्याविषयी ते पहिल्यांदा बोलले, आणि त्यातही तुझं नाव नव्हतं.

तुला राग आला असेल तर येऊ दे. तुला उठवलं आणि मला बसायला सांगतात, हे मलाही दिसतं. आईच्या आजारपणात तुला अर्ध्या वर्षातून काढून दुकानात गल्ल्यावर बसवलं तेव्हा मी लहान होते. मला वाटलं, ताई आता दिवसभर घरी, म्हणजे मजा. आई गेली, मग वर्षभरानं तू गेलीस. मजा काही झाली नाही.

तू उत्तर दिलं नाहीस तरी मी लिहीन. हे वर्ष मी पुरं करणार आहे, एवढं कुणाला तरी लिहून कळवायचं होतं.

धाकटी


२१ सप्टेंबर

ताई,

पुस्तक उशीएवढं आहे, हे तू कधी सांगितलं नव्हतंस. सर एका तासात धडा उरकतात आणि वर म्हणतात, "हे तुम्हाला येतंच." आम्हाला येत नाही. पहिल्या चाचणीत मी काठावर राहिले. बुडाले नाही एवढंच.

माझी जोडीदारीण दाताच्या डॉक्टरांची मुलगी. वर्ग तिला 'निकाल' म्हणतो, कारण पेपर हातात पडण्याआधी तिला आपले मार्क माहीत असतात. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "तुला हे कशाला हवंय? तुमचं तर दुकान आहे." मी म्हटलं, "तुमचंही आहे की, दातांचं." तेव्हापासून आमचं जमतं.

प्रयोग माश्यांचा आहे. शाळेत फळमाशी म्हणतात, घरी चिलटं. फक्त या पांढऱ्या डोळ्यांच्या. आधी जोडीगणिक एक बाटली, त्यात पांढऱ्या डोळ्यांचा शुद्ध वंश वाढवायचा. पांढऱ्याला पांढरे, दुसरं काही होऊच शकत नाही. मग त्यातल्या माद्या घेऊन लाल डोळ्यांच्या नराशी संकर करायचा.

सुट्टीत शाळा बंद, म्हणून बाटली मी घरी आणली. बाबांनी ती उजेडात धरली आणि कापसाच्या बोळ्यापासून तळापर्यंत पाहिली.

"दुकानात बसून माश्या मारतो म्हणतात लोक मला," ते म्हणाले. "आता पोरगी माश्या पाळते. एक पिढी पुढे गेलो."

आत्या म्हणाली, "घरात ठेवणार? गिऱ्हाइकानं पाहिलं तर?"

"गिऱ्हाइकाला सांग, विकायच्या नाहीत," बाबा म्हणाले.

सुट्टीच्या मध्यावर शाळेनं दिलेलं खाद्य सुकून काचेपासून सुटलं. निकाल तिच्या गावी गेली होती. पण फळवाल्याच्या घरात खाद्याला काय तोटा. बाबांनी काळं पडलेलं, चिरलेलं एक केळं स्वतः निवडून दिलं, "याच्याहून गोड मिळणार नाही त्यांना." ते सालीसकट कुस्करलं, चिमूटभर यीस्ट घातलं, नवी बाटली भरली, जुनीतल्या माश्या बर्फावर गुंगवून तिच्यात सोडल्या. आता अळ्या काचेवर चढायला लागल्या आहेत. मी रोज बघते.

धाकटी


१७ ऑक्टोबर

ताई,

बाटलीत लाल डोळे निघाले.

एखाददुसरा नाही. भिंगातून पाहिलं तर पांढऱ्यांपेक्षा लालच जास्त. निकाल एवढंच म्हणाली, "हं." मग म्हणाली, "लाल फेकून दे. शुद्ध मिळाल्या असं लिहू. शेजारच्या टेबलावरच्यांनी काय केलंय असं तुला वाटतं?"

मी म्हटलं, "पण निघाल्यात."

"कुणी पाहिल्यात?"

"मी."

तिनं डोळे मिटून घेतले. मग भिंग माझ्याकडे सरकवलं आणि अहवालात जे होतं ते लिहायला लागली. अक्षर रागाचं होतं.

सरांनी वाचलं. वर्गासमोर काही बोलले नाहीत. नंतर मला थांबवून म्हणाले, "तीन शक्यता आहेत. निसर्गाचा नियम मोडला, किंवा तुम्ही मोजताना चुकलात, किंवा बाहेरची माशी आत गेली. पहिलं झालं असेल तर अभिनंदन."

"बोळा घट्ट होता, सर. एकदाही उघडा राहिला नाही."

"मग कशी गेली?"

मी बाटली पुन्हा उजेडात धरली.

ते म्हणाले, "जे दिसलं ते लिहिलंत, बरं केलंत. पण परीक्षेला मी अशाच मुलांची नावं पाठवतो ज्यांना आपल्या टेबलावर काय घडलं ते सांगता येतं. तुझ्या जोडीदारणीला मी दुसऱ्या जोडीबरोबर बसवतो. बाटली तुझ्या घरी होती. कारण तू शोध. ते सापडलं तर संकर नव्यानं कर. नाही सापडलं तर वर्गात बस, शीक, पण नाव जाणार नाही."

नाव गेलं नाही तर मी वर्ष पुरं केलं असं होत नाही. नुसतं बसणं म्हणजे पुरं करणं नव्हे.

मी बोळा उलगडून पाहिला. बाटलीला तडा आहे का पाहिलं. दुकानातली चिलटं कपड्यांवरून आली म्हणावं तर बोळा काढताना मी दार लावून घेत होते. सगळं तुला लिहिते आहे, कारण घरात दुसऱ्या कुणाला सांगायला गेलं की ते म्हणतात, एवढ्याशा माशीचं काय.

धाकटी


६ नोव्हेंबर

ताई,

तुझं कार्ड आलं. आत्यानं आणून दिलं. बाबा समोर होते, म्हणून तिनं ते सफरचंदांच्या कागदात गुंडाळून माझ्या हातात कोंबलं आणि मोठ्यांदा म्हणाली, "हे घे, एक नासकं निघालं."

तुझं अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही. सही नाही, तारीख नाही, एक ओळ: 'केळं शिजवलं होतंस का?'

नव्हतं शिजवलं.

मी तशीच उठून दुकानात गेले. काळ्या केळ्यांच्या घडाभोवती चिलटं होती, जन्मापासून बघते आहे ती. भिंग लावलं. सगळ्यांचे डोळे लाल. सालीच्या चिरेत बारीक पांढरे कण होते. अंडी. मी बोळा घट्ट लावला, पण पाहुणे आधीच आत होते, आणि त्यांना मीच कुस्करून वाढलं होतं. शहरातल्या बाकी कुठल्याही मुलीनं शाळेच्या पुडीतलं खाद्य मागून आणलं असतं. फळवाल्याची मुलगीच असं करणार.

सिद्ध करायला दोन बाटल्या लावल्या. त्याच घडातलं केळं, एकीत कच्चं, एकीत शिजवलेलं. माश्या एकीतही सोडल्या नाहीत. बोळे लावून दोन्ही खिडकीत ठेवल्या. कच्च्याच्या बाटलीत कालपासून माश्या फिरताहेत, लाल डोळ्यांच्या. दुसरीत काही नाही.

दोन्ही सरांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. त्यांनी आधी एक उचलली, मग दुसरी.

"हे तुला कुणी सुचवलं?"

"ताईनं. केळं शिजवलं होतंस का, एवढंच विचारलं."

त्यांनी दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या. "ती तेव्हाही उत्तरं देत नसे," ते म्हणाले. "प्रश्न विचारायची. कुठे असते?"

मी म्हटलं, इस्पितळात, रक्त तपासते. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, संकर नव्यानं, या वेळी शाळेत, आणि मार्चच्या मध्यापर्यंत.

मी तुझ्याकडे आणखी काही मागत नाही.

धाकटी


१२ जानेवारी

ताई,

इथे सगळं ठीक आहे. बाबा बरे आहेत. थंडीमुळे कमी बोलतात.

घाऊक बाजार सध्या मी करते. पहाटेची हवा चांगली असते. घाऊकवाले आधी मला दबलेलं फळ मधे घालून द्यायचे, आता देत नाहीत. क्रेट उचलायची एक रीत आहे, गुडघ्यातून. ती जमली की पाठ दुखत नाही. दुकान लावून शाळेत पोचेपर्यंत पहिला तास निम्मा झालेला असतो. निकाल माझ्यासाठी टिपण काढते आणि वर लिहिते, 'उशिरा येणाऱ्यांसाठी'.

पेशींच्या श्वसनाचा धडा मी गल्ल्यावर पाठ केला. एका बाईंनी द्राक्षं मागितली, मी त्यांना चक्रातला पुढचा टप्पा सांगितला. त्या म्हणाल्या, "बी नसलेली द्या."

संकर अजून लागलेला नाही. त्यासाठी माद्या कोऱ्या हव्यात. नराला न भेटलेल्या. संध्याकाळी बाटली रिकामी करायची आणि सकाळी लवकर, नव्या निघालेल्या माद्या माजावर यायच्या आत वेगळ्या काढायच्या. ती वेळ बाजाराचीच आहे. बघते काय करायचं ते.

बाबांचे शर्ट आता बटणांऐवजी डोक्यातून घालायचे घेतले आहेत. सोपे पडतात.

धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

कार्ड मिळालं. 'कुठली बाजू?'

उजवी. हात आणि पाय. जीभही. डिसेंबरात, दुकानातच, तराजू हातात असताना. गिऱ्हाईक म्हणालं, काटा हलतोय, तर काटा नव्हता, हात होता.

मी लिहिलं नाही, कारण ते लिहिलं की पत्राचा अर्थ एकच झाला असता: ये. मला तो अर्थ नको होता. आताही नको आहे. डॉक्टर म्हणतात, जिवाला धोका नाही. पाय ओढत चालतात, डाव्या हातानं जेवतात. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येतात. मी तुला बोलवत नाही. झालं ते सांगते आहे.

रविवारी आत्यानं मला समोर बसवलं. बाबा खुर्चीत होते.

"पुष्कळ झालं माश्यांचं," ती म्हणाली. "उद्यापासून त्या वर्गातून नाव काढून टाक. साधी बारावी कर, नाहीतर तीही राहू दे. फळं तुझ्यासाठी थांबत नाहीत."

"माश्याही थांबत नाहीत, आत्या."

"तोंड बघा! मोठीला नाही का उठवलं? तेव्हा काय आभाळ कोसळलं?"

"ती गेली," मी म्हटलं.

 मला वाटलं होतं आत्या रडेल. ती रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी बाबांकडे पाहिलं नाही. मला त्यांच्याकडून दया नको होती, शब्द हवा होता, आणि शब्दच त्यांच्याकडे नव्हते.

तेवढ्यात त्यांनी डाव्या हातानं खुर्चीच्या दांड्यावर थाप मारली.

"मे," ते म्हणाले.

आम्ही थांबलो. त्यांच्या तोंडाची उजवी बाजू त्यांच्याबरोबर येत नव्हती. मान लाल झाली. आत्या पाणी आणायला उठली, त्यांनी तिला हातानं बसवलं.

"पर्यंत," ते म्हणाले.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "मग पहाटे बाजारात कोण जाणार? त्या चिलटांना पाठवतेस?"

"तू जा."

"मी?"

"भाव करायला तुला कुणी शिकवायला नको."

"मेली जीभ आहे की सुरी," ती म्हणाली. पण सोमवारी पहाटे ती बाबांचा मफलर गुंडाळून गेली. परत आली तेव्हा गाडीवाला तिचे क्रेट दारापर्यंत आणून देत होता, न सांगता. तो मला हळूच म्हणाला, "उद्या तुम्हीच या हो."

मी त्या सकाळी शाळेच्या प्रयोगशाळेत होते. सरांनी किल्ली दिली आहे.

धाकटी


९ मार्च

ताई,

संकर निघाला. आई पांढऱ्या डोळ्यांची, बाप लाल. मुली सगळ्या लाल, मुलगे सगळे पांढरे. एकही चुकार नाही. पुस्तकात हे वाचलं होतं, पण बर्फावर निजलेल्या माश्या कुंचल्यानं दोन ढिगांत सारताना, मुली एकीकडे, मुलगे दुसरीकडे, आणि डोळे अगदी शेवटी पाहताना, माझा कुंचला थांबला. निकाल मागून म्हणाली, "मला माहीत होतं." मग म्हणाली, "तरी दाखव."

माझं नाव पाठवलं. सरांनी माझ्यासमोर पाकीट बंद केलं.

एक बाटली त्यांच्या परवानगीनं घरी आणली, बाबांना दाखवायला. त्यांनी डाव्या हातात भिंग धरलं. हात पुढेमागे होत होता, मी बाटली त्याबरोबर हलवत होते. शेवटी दोन्ही एका जागी आलं.

आत्यानं विचारलं, "काय दिसतं?"

मी सांगितलं, मुलीला डोळ्यांचा रंग बापाकडूनही मिळतो, मुलाला फक्त आईकडून. म्हणून मुली बापासारख्या.

"बापावर गेल्या म्हणजे हट्टी असणार," आत्या म्हणाली. बाबा हसले. अर्धंच, पण हसले.

या वेळी तुझं कार्ड नाही. चालेल. प्रश्न नसेल तर कशाला लिहायचं.

आत्याला बाजार मानवला आहे. गुडघे दुखतात म्हणते आणि कुणी दुसऱ्यानं जावं म्हटलं की अंगावर येते. दुकान मात्र छोटं केलं आम्ही. महाग, लवकर उतरणारं फळ ठेवत नाही. काही जुनी गिऱ्हाइकं चौकातल्या मोठ्या दुकानाकडे वळली. बाबांना ते दिसतं. मलाही दिसतं. फुकट काहीच झालेलं नाही, हे तुला माहीत असावं.

धाकटी


११ जुलै

ताई,

परीक्षेविषयी सांगण्यासारखं फार नाही. मोठा हॉल होता, पंखे आवाज करत होते, माझ्यापुढच्या मुलाला शिंका येत होत्या. शेवटच्या प्रश्नावर मी वाजवीपेक्षा जास्त लिहिलं आणि त्याआधीचा एक घाईत गेला. बाहेर आल्यावर निकाल म्हणाली, "तुला चार मिळतील." मी म्हटलं, गप्प बस.

काल कळलं. पाचातले चार; या परीक्षेत सगळ्यात वर पाचच असतात. निकालला पाच. कॉलेजनं मला घेतलं आहे आणि पहिल्या वर्षाचं जीवशास्त्र माफ केलं आहे. कॉलेज इथलंच. सकाळी वर्ग, दुपारनंतर गल्ला. आत्यानं शेजाऱ्यांना सांगितलं की ती आधीपासूनच म्हणत होती, पोरीला शिकू द्या.  तिनं पहाटे क्रेट उचलले आहेत; एवढं खोटं तिला चालतं.

आता जे सांगायचं ते.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी बाबांना नेम घालून दिला होता, रोज एक पूर्ण वाक्य. बाबांची वाक्यं दुकानाचीच असायची. 'आजची गोड आहेत.' 'दाबून पाहू नका.' बाई हसायच्या, आम्हीही. मग गेल्या महिन्यात त्या म्हणाल्या, आता दुकानातलं नको, मनातलं सांगा, लागेल तेवढा वेळ घ्या. बाबांनी त्या दिवशी काही सांगितलं नाही. पुढच्या खेपेलाही नाही. मी फळं लावताना मागच्या खोलीतून त्यांचा आवाज यायचा, तोच तोच शब्द, पुन्हा पहिल्यापासून. मी आत गेले की थांबायचे.

काल मी मार्क सांगितले. त्यांनी मान डोलावली. मला समोर बसायला सांगितलं. मग भिंतीकडे बघत, एकेक शब्द जागेवर ठेवल्यासारखा, ते म्हणाले, "मोठीला आता परीक्षा देता येईल का, सरांना विचार."

नाव घेतलं नव्हतं. पण ताई, वाक्य पूर्ण होतं.

मी म्हटलं, "तिला हवं असेल का, तेही माहीत नाही, बाबा. आणि ती रागावलेली आहे."

"असू दे," ते म्हणाले. "विचार."

आज सकाळी शाळेत जाऊन विचारलं. सर म्हणाले, बाहेरून बसता येतं, वयाची अट नाही. मात्र अर्ध्यापासून नाही, सगळं पहिल्यापासून, प्रयोगसुद्धा. प्रयोगांना शनिवारी आलं तरी चालेल, त्या दिवशी वर्ग रिकामा असतो. म्हणाले, नाव तिला स्वतः द्यावं लागेल, तिच्या वतीनं कुणी देऊ शकत नाही, वडीलसुद्धा नाहीत.

घरी येऊन बाबांना जसंच्या तसं सांगितलं. शेवटचं वाक्यही. त्यांनी पेन डाव्या हातानं माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "लिही."

म्हणून लिहिलं.

धाकटी